खांद्यातली गाठ आणि दोन मिनिटांचा रबरी पट्टा

मानेच्या बाजूने खांद्याकडे उतरणारा जाड स्नायू चिमटीत धरून पाहा. मान-खांद्याचं दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल, तर तिथे बरेचदा दोरीसारखा ताठ भाग आणि त्यात वाटाण्याएवढी दुखरी गाठ हाताला लागते. या स्नायूचं नाव ट्रॅपेझियस. गाठ दाबली की कळ मानेवरून कानामागे, कधी थेट कानशिलापर्यंत जाते. डोकं दुखतंय म्हणून गोळ्या घेत राहिलेल्या कित्येकांचं मूळ दुखणं इथे असतं.

शेक आणि मालिश यांनी बरं वाटतं, पण ते काही तासांपुरतं. हात किंचित उचलून तासन्‌तास माऊस धरायचा किंवा पोळ्या लाटायच्या, तर हा स्नायू सतत थोडा आवळलेला राहतो. कमजोर स्नायूला तेवढंही जड जातं. म्हणून उपचारांत पहिली जागा ताकदीच्या व्यायामाला द्यायला हवी, आणि आपल्याकडे नेमका तोच सगळ्यात शेवटी सुचवला जातो.

डेन्मार्कमधल्या एका चाचणीत मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांचे तीन गट केले होते. एका गटाने रोज २ मिनिटं, दुसऱ्याने १२ मिनिटं रबरी पट्ट्याचा व्यायाम केला, तिसऱ्याने केला नाही. आठवड्यातून ५ दिवस, १० आठवडे. २०११ साली निष्कर्ष आले: व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, आणि २ मिनिटंवाले १२ मिनिटंवाल्यांच्या फारसे मागे नव्हते.

तो व्यायाम असा. पट्टा पायांखाली दाबा, दोन्ही टोकं हातांत घ्या. कोपरं किंचित वाकलेली. हात बाजूला, पण अगदी सरळ रेषेत नाही, थोडे पुढच्या अंगाला ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत न्या आणि हळूहळू खाली आणा. खाली आणताना पट्ट्याने हात खेचून नेता कामा नये, तुम्ही त्याला अडवत आणायचं. दोन मिनिटांत खांदे भरून यायला हवेत. आलेच नाहीत तर जाड पट्टा घ्या. मिनिटभरही जमत नसेल तर पातळ. पिवळा, लाल, हिरवा, निळा हा बहुतेक दुकानांतल्या पट्ट्यांचा ताणाप्रमाणे चढता क्रम.

चुकतं ते आरशात दिसतं. हात वर जाताना खांदे कानांकडे चढतात आणि आधीच आवळलेला भाग आणखी आवळतो. तसं दिसलं की पट्टा हलका करा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर मात्र भार जास्त झाला. पहिल्या दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारे फार. निदान दहा आठवडे द्या.

गाठ फारच ठणकत असेल तर व्यायामाआधी टेनिसचा चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून त्यावर रेला. दुखणं दहापैकी सहाच्या वर जाऊ देऊ नका. एका जागी ३० ते ६० सेकंद, बस. मणक्यावर चेंडू नको. क्रिकेटचा तर नकोच, त्याने काळंनिळं होतं. शेक १५-२० मिनिटं, पिशवीला टॉवेल गुंडाळून. मधुमेहामुळे त्वचा बधिर असेल तर भाजलेलं कळतही नाही.

ओट्याकडेही बघा. लाटताना खांदे वर चढत असतील तर ओटा तुम्हाला उंच पडतोय. उभं राहायला खाली रुंद, न डगमगणारा लाकडी पाट घेतला तरी भागतं.

टेन्स यंत्राने, म्हणजे त्वचेवर पॅड लावून विजेचे सौम्य झटके देणाऱ्या यंत्राने, तात्पुरता आराम मिळू शकतो. पॅड गळ्याच्या पुढच्या बाजूला लावू नका आणि पेसमेकर असेल तर यंत्रच नको. मानेला आधार देणारा गळपट्टा (कॉलर) महिनोन्महिने वापरला तर स्नायू आणखी दुबळे होतात. आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची सवय आजच बंद करा. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

हाताला मुंग्या येत असतील, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल, सोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर पट्टा बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण आणि घाम येऊन खांदा किंवा हात दुखू लागला, तर हृदयाचा त्रास समजून लगेच रुग्णालय गाठा.