माहेरच्या संगणकातील हेर

दिवाळीला आर्वी तालुक्यातील माहेरी गेले, तेव्हा दादाने फराळाच्याही आधी घरचा संगणक पाहायला सांगितले. या एकाच संगणकावर दादा महाभूलेखवरून सातबारा काढतो आणि बँकेचे व्यवहार पाहतो, वहिनी बचत गटाचा हिशेब ठेवते, भाची महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. आणि हे सगळे एकाच खात्यातून, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या पूर्ण अधिकारांनिशी चालत होते. महिनाभरापासून ब्राउझर उघडला की भलतेच शोधपान समोर येत होते आणि ते बदलले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दिसत होते.

डिफेंडरची, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसची, संपूर्ण तपासणी केली, तर काहीही सापडले नाही. क्रोममध्ये मात्र एक अनोळखी एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) होते, ज्याला काढून टाकण्याचे बटणच नव्हते, आणि हा ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते, अशी ओळ मेनूत दिसत होती. घरच्या संगणकाला कुठली आली संस्था? याचा अर्थ कोणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, पॉलिसी (सक्तीचा नियम) लिहून ते एक्स्टेंशन सक्तीने बसवले होते, आणि त्याला सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची मुभा होती. बँकेचे पानही त्यात आलेच.

मी घरातल्या सगळ्यांना शांतपणे विचारले, तेव्हा भाची पुढे आली. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी, मराठी ३० शब्द प्रति मिनिटाच्या सरावाकरिता, तिने एक फुकटचा प्रोग्राम उतरवला होता. अँटिव्हायरस बंद केल्याशिवाय तो चालणार नाही, असे तिथे लिहिलेले होते आणि तिने सांगितल्याप्रमाणे केले होते. ‘माह्याच्यानं बिघडलं का वं, आत्या?’ तिने विचारले. तिला कोणी रागावू नये, हे मी दादाला आधीच बजावले होते, कारण फसवणूक तिची झाली होती. शिवाय तिने सांगितले म्हणूनच डिफेंडर जी ठिकाणे तपासत नाही, त्या वगळलेल्या ठिकाणांची यादी पाहण्याचे मला सुचले. त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता! तपासणीत काही सापडणार तरी कसे?

इंटरनेट तोडले, ती नोंद काढली आणि डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावली. विंडोज सुरू होण्याआधीच ही तपासणी होत असल्याने हेर प्रोग्रामला लपणे अवघड जाते. तिला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मध्येच लाइन जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर पूर्ण चार्ज होईपर्यंत थांबलो. या वेळी दोन फाइली सापडल्या. तरीही मुळाशी जाणे बाकी होते, कारण ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये प्रत्येक लॉगिनला सगळे पुन्हा बसवणारे एक काम नोंदवलेले होते. ते पुसले, रजिस्ट्रीतील ती पॉलिसी काढली, टंकलेखनाचा प्रोग्राम हटवला आणि इंटरनेटची वाट परस्पर वळवता येते अशा दोन जागा, प्रॉक्सी व होस्ट्स फाइल, याही पाहिल्या. यानंतर ते शोधपान एकदा जरी परतले असते, तर मी विंडोजच नव्याने टाकले असते.

पासवर्ड बदलण्याचे काम मात्र आम्ही मोबाइलवरूनच केले, कारण संशय असलेल्या संगणकावर नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे तोही देऊन टाकणे. ब्राउझरमध्ये घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड साठवलेले होते, म्हणून सगळ्यांचेच बदलले. त्यासोबत प्रत्येक खाते सर्व उपकरणांवरून लॉगआउट केले. लॉगिनची कुकी, म्हणजे आपण आधीच लॉगिन केल्याची ब्राउझरमधली खूण, चोरीला गेली असेल, तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. दादाच्या खात्यातून पैसे गेले नव्हते; गेले असते तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हे वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले.

शेवटी तिघांची तीन साधी खाती केली आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे एक वेगळे खाते ठेवले, ज्याचा पासवर्ड दादा आणि वहिनी दोघांना माहीत आहे. साध्या खात्यातही स्वतःच्या फोल्डरमधून काही प्रोग्राम चालू शकतात, पण संपूर्ण संगणकाच्या पॉलिसी किंवा डिफेंडरची यादी परवानगीशिवाय बदलता येत नाही. सरावाचा प्रोग्राम भाचीने आपल्या टंकलेखन संस्थेतून पेनड्राइव्हवर आणला, आणि तो उघडण्याआधी तिनेच माझ्यासमोर तपासून घेतला.