हात भाजला, पुढे काय?

रात्री दीड वाजता कादंबरी संपवून तिला पाच तारे द्यायचे आणि सकाळी दात घासताना तिच्यातल्या खलनायकाचं नाव काही केल्या आठवू नये, हे माझं इतक्यांदा झालंय की रात्री दिलेल्या ताऱ्यांवर आता विश्वास उरलेला नाही. उजाडलं की ते मावळतात.

अर्बन फँटसीच्या, म्हणजे आजच्या खऱ्या शहरात जादू घडवणाऱ्या कादंबऱ्यांच्या मालिका या बाबतीत फार लबाड. प्रकरण संपता संपता दारावर थाप पडते, आणि ती कुणाची हे कळल्याशिवाय दिवा मालवता येत नाही. पुस्तक संपतानाही तशीच एक थाप, मग पुढचा भाग. इतक्या भरधाव वाचलं म्हणजे चांगलंच असणार, असं आपण धरून चालतो. उतारावर सायकलही भरधाव जाते.

जुन्या गोष्टीत आटपाट नगर असतं. ते कुठे आहे, असं विचारायचं नसतं. इथे नेमकं उलट: पत्ता लागतो. १९८७ साली आलेल्या एमा बुल यांच्या ‘वॉर फॉर द ओक्स’मध्ये पऱ्यांच्या दोन दरबारांचं युद्ध पेटतं ते थेट मिनियापोलिसमध्ये, आणि त्यात सापडते रॉक बँडमध्ये गिटार वाजवणारी एक बाई. तेव्हापासून शिकागो झालं, अटलांटा झालं, सॅन फ्रान्सिस्को झालं. पण शहराचं नाव टाकलं म्हणजे शहर आलं असं नाही. पुष्कळ मालिकांत शहर म्हणजे नाटकातला मागचा पडदा: चार गल्ल्या, एक बार, सतत पाऊस.

बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ २०११ साली सुरू झाली. तिथे लंडनच्या नद्याच माणसांच्या रूपात वावरतात. टायबर्न ही खरी नदी आज रस्त्यांखालून, गटारांतून वाहते; कादंबरीत ती वरच्या वर्तुळात ऊठबस असलेली, जरब बसवणारी बाई आहे. ही मालिका उचलून दुसऱ्या शहरात नेऊन ठेवता येणार नाही. नद्या इथेच राहतील. या एका कसोटीवर निम्म्या मालिका गळतात.

उरलेल्यांसाठी माझ्याकडे एक वही आहे. हसू नका. रेघांची साधी वही, पेन्सिलने आखलेले तीन रकाने: काय गमावलं, कुणाचं देणं, कुठे फिटलं. सुरुवात केली ती विसरायला होतं म्हणून. जिम बुचर यांच्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’चा पंधरावा भाग २०१४ ला आला आणि सोळावा थेट २०२० ला. सहा वर्षांत माणूस नात्यातल्या लग्नांची नावं विसरतो, तिथे पिशाच्चांच्या घराण्यांची काय कथा! (पुढचा, सतरावा, मात्र त्याच वर्षी दोन महिन्यांत. वाचकाने कसं जगावं याचा काही नियमच नाही.)

पण लिहिता लिहिता लक्षात आलं की मालिकेचं मोजमाप नकळत या वहीतच होतंय. त्याच मालिकेतली एक नोंद सांगते. तिचा नायक, शिकागोतला एक मांत्रिक, मनगटात एक कडं घालतो. त्यातून ढाल उभी राहते. सहाव्या भागात त्याच्यावर आगीचा लोळ येतो. ढाल उभी राहते, ज्वाळा अडतात. पण ढालीतून धग आरपार येते, कारण ती अडवायची सोयच कड्यात केलेली नव्हती. डावा हात भाजून निघतो. इथवर कुणीही लिहील. माझी पेन्सिल पुढच्या भागासाठी टोक करून बसलेली असते: हात भाजला, पुढे काय? तर पुढच्या भागात हातमोजा आहे. बोटं नीट वळत नाहीत. आणि कडंही पुढे नवं होतं, धगही अडवणारं. हात सुधारतो तो हळूहळू, पुस्तकामागून पुस्तक. त्या नोंदीसमोर तिसऱ्या रकान्यात मी भागांचे क्रमांक लिहित गेले आणि मला लेखकाविषयी जो आदर वाटला, तो त्याच्या कुठल्याही युद्धप्रसंगाने वाटला नव्हता.

कारण जादू फुकट असली की गोष्ट स्वस्त होते. लंडनच्या त्या मालिकेत मंत्र म्हटला की जवळच्या चालू फोनमधल्या चिपची वाळू होते, आणि जादूचा अतिरेक केला तर मेंदूची चाळण. नायक पोलीस शिपाई, तो काय करतो? जादूपासून वाचावा म्हणून फोनची बॅटरी तोडण्याची सोय करून घेतो. किती साधी, शहाणी गोष्ट! खरोखर जादू आली तर आपण सगळे आधी हेच करू. इलोना अँड्र्यूज या नावाने लिहिणाऱ्या नवरा-बायकोच्या अटलांटात जादू भरतीसारखी येते. ती आली की यंत्रं बंद, ओसरली की मंत्र बंद. दोन्हींवर विसंबून चालत नाही, म्हणून नायिकेच्या पाठीवर तलवार. आणि शॉनन मॅग्वायर यांच्या नायिकेला, ऑक्टोबर डे हिला, कुणीतरी मासा करून टाकतं. चौदा वर्षं ती तळ्यात. परत येते तेव्हा मुलगी मोठी झालेली असते आणि तिला आईशी बोलायचं नसतं. हे पहिल्याच पुस्तकाच्या तोंडाशी घडतं. त्या मालिकेतल्या पऱ्या एकमेकांना ‘थँक यू’ म्हणत नाहीत. म्हटलं की देणं अंगावर येतं. माझ्या मधल्या रकान्यासाठी याहून सोयीचा समाज नाही.

पहिल्या भागावरून मी मत देत नाही. पहिला भाग पाहुण्यासारखा असतो, इस्त्री केलेला. दुसऱ्यात लेखक दमलेला असतो. तिसऱ्यात कळतं, याला काही आठवतंय का. विज्ञानकथा आणि फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्कारातही मालिकांचा स्वतंत्र विभाग आहे, त्याची अट किमान तीन खंड आणि २,४०,००० शब्द. मला मात्र शब्दांपेक्षा मोडलेल्या बरगड्यांची मोजदाद महत्त्वाची वाटते. एका मालिकेत, नाव घेत नाही, नायिकेची बरगडी मोडते आणि त्याच रात्री ती पाइप धरून दुसऱ्या मजल्यावर चढते. पहिल्या भागात पुलाखालचा राक्षस, चौथ्यात शहर धोक्यात, सातव्यात जग. आठव्यात काय धोक्यात घालणार? आभाळ? ते तर सातव्यातच फाटलं होतं.

वहीप्रमाणे ही मालिका साफ नापास. पहिला रकाना भरलेला, तिसरा कोरा. आणि तरी गेल्या तापात मी तिचेच पाच भाग परत वाचले. यातली नायिका आणि तिची वरच्या मजल्यावरची शेजारीण ज्या तऱ्हेने भांडतात, ते भांडण मला पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं. त्यासाठी वहीत रकाना नाही. आखून पाहिला होता; मथळा सुचेना.

त्याच मालिकेतली माझी एक जुनी नोंद आहे. चौथ्या भागात नायिका जिन्याखाली राहणाऱ्या एका म्हातारीकडून किल्ली घेते आणि सांगते, ‘मागशील ते देईन.’ म्हातारी म्हणते, ‘आत्ता नको.’ पुढे म्हातारीही गायब, किल्लीही. पाचवा गेला, सहावा गेला, आभाळ फाटलं, शिवलं गेलं. मी मधल्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं, मग त्याच्याभोवती गोल, मग राग येऊन आणखी एक गोल. तिथे कागद विरलाय.

परवा नववा भाग वाचत होते. भांडण झालं, शेजारीण पाय आपटत वर गेली, आणि प्रकरण संपता संपता नेहमीप्रमाणे दारावर थाप पडली. नायिका दार उघडते. बाहेर कुणी दिसत नाही. मग ती खाली बघते. जिन्यातल्या शेवटच्या पायरीवर कुणीतरी पाठ करून बसलेलं आहे आणि केस पांढरे आहेत.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. वही दुसऱ्या खोलीत. तारे द्यायचे नाहीत एवढं स्वतःला बजावलं आणि पान उलटलं.