शेवटची हजेरी

आज सकाळी आमच्या शेजारच्या फौजी आजोबांना निरोप देऊन आलो. ते तोफखान्यात होते आणि तोफांच्या आवाजाने त्यांचा डावा कान कायमचा गेला होता. त्यामुळे बोलणाऱ्याने उजव्या बाजूला बसायचे, हा त्यांच्या घरचा अलिखित नियम होता. युद्धाविषयी विचारले की ते हवामानावर बोलत. (कदाचित तेच त्यांचे उत्तर असावे.) पदके त्यांनी पत्र्याच्या डब्यात, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवली होती, हे आज मुलीने डबा उघडला तेव्हा कळले, एकाची फीत इतकी विटली होती की तिचे रंगही ओळखू येईनात.

बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजले. शेवटच्या चौकीची तपासणी झाली, दिवस संपला, असे छावणीला कळवणारी ही मुळातली धून; बेल्जियममधील ईप्र शहरात पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी ती १९२८ पासून, दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता, रोज रात्री आठ वाजता वाजवली जाते. धून थांबली, तरी त्यांच्या तुकडीतले एक वृद्ध सहकारी काठी डाव्या हातात घेऊन सलाम करत उभेच होते आणि त्यांचा थरथरता हात बराच वेळ खाली आला नाही.