शोकशस्त्र

माझे वडील जिल्हा पोलीस मुख्यालयात 27 वर्षे बिगुलर होते. आमचे घर पोलीस लाइनीत, कवायत मैदानाला लागूनच होते, त्यामुळे ऑक्टोबर लागला की रोज सकाळी ‘लास्ट पोस्ट’ या बिगुलावरच्या शोकधुनेचे सूर घरात येत. 21 ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनाची ती तालीम असे. एरवी वर्षाच्या मधेच कधी ते सूर ऐकू आले, तर नळावर पाणी भरणाऱ्या बायका हातातली कळशी तशीच ठेवून मैदानाकडे पाहत, कारण तालमीचे दिवस नसताना लास्ट पोस्ट वाजली याचा अर्थ कुणाच्या तरी घरचा माणूस गेला होता.

दिवंगत पोलिसाला दिली जाणारी मानवंदना आपण बहुतेक वेळा वर्तमानपत्रातल्या एका ओळीत वाचतो: ‘हवेत तीन फैरी झाडून शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले.’ त्या एका ओळीमागे किती माणसांचे किती बारकाईचे काम असते, हे मी घरातून पाहिले आहे आणि म्हणून ते लिहून ठेवावेसे वाटते.

पार्थिव आधी मुख्यालयाच्या मैदानावर आणले जाते. तेथे पोलीस अधीक्षकांपासून शिपायापर्यंत सगळे पुष्पचक्र किंवा फुले वाहतात आणि मग गाडी गावाकडे निघते. सशस्त्र पथक आणि बिगुलर गाडीबरोबर जातात. स्मशानभूमीत सरण रचलेले असते, भटजी किंवा गावातले जाणते आपले विधी करत असतात, आणि पथकाच्या प्रमुखाला त्या विधींच्या मधली नेमकी जागा शोधावी लागते. घरच्यांचे धार्मिक विधी घरच्यांचे असतात, खात्याने त्यांत पाय ठेवायचा नसतो. दफन असेल तर क्रम बदलतो, पण पथकाने बाजूला थांबून घरच्यांच्या खुणेची वाट पाहायची, हे कुठेच बदलत नाही.

मग ‘सलामी शस्त्र’ आणि त्यानंतर ‘शोकशस्त्र’ हे आदेश होतात. शोकशस्त्राच्या स्थितीत रायफल उलटी होते, नळी बुटाच्या टोकावर टेकते, दोन्ही तळवे दस्त्यावर येतात आणि मान खाली जाते. भरतीच्या पहिल्या दिवसापासून ज्यांना मान ताठ ठेवायला आणि नजर समोर रोखायला शिकवलेले असते, त्यांना कवायतीत मान खाली घालण्याचा हुकूम मिळतो तो या प्रसंगी. हवेत झाडल्या जाणाऱ्या तीन फैरींपेक्षा मला नेहमी हीच हालचाल अधिक बोलकी वाटत आली आहे. आवाजाने लोक दचकतात, लहान मुले कान झाकतात आणि कितीदा तरी असे होते की तोपर्यंत सुन्न बसलेल्या आईला पहिल्या फैरीलाच हुंदका फुटतो. फैरी संपल्यावर जवान वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचतात. त्या मोजून शस्त्रागारात परत जमा कराव्या लागतात. लोकांचे लक्ष चितेकडे असताना मागे हे मोजणे शांतपणे चाललेले असते, आणि त्यात मला कधी कोरडेपणा वाटला नाही, कारण गेलेल्या माणसानेही आयुष्यभर अशीच मोजदाद केलेली असते.

लास्ट पोस्ट ही मूळची ब्रिटिश सैन्याच्या छावणीतली धून. दिवस संपला, पहारे तपासून झाले, असे ती सांगत असे, आणि पुढे ती अंत्यसंस्कारात वाजू लागली. बिगुलाला कळा नसतात, त्यामुळे जे काही मोजके सूर निघतात ते ओठ आणि श्वास यांच्यावरच काढावे लागतात. समोर ओळखीचा चेहरा चितेवर असेल तर ओठ थरथरतात आणि सूर फाटतो, आणि तसे होऊ नये एवढ्यासाठीच बाबा रोज सकाळी तासभर नुसते लांब सूर धरत. पार्थिवाकडे न पाहता पलीकडच्या एखाद्या झाडाच्या शेंड्याकडे पाहायचे, असे त्यांनी स्वतःला शिकवले होते. धून संपली की काही क्षण शांतता, मग ‘राऊज’ ही जागे करणारी धून, आणि पथकाच्या माना पुन्हा वर.

स्मृतिदिनाची तारीख लडाखमधून आली आहे. 21 ऑक्टोबर 1959 रोजी हॉट स्प्रिंग्ज येथे, सुमारे 16 हजार फूट उंचीवर, चिनी सैनिकांच्या गोळीबारात 10 पोलीस धारातीर्थी पडले. त्यांचे मृतदेह नोव्हेंबरमध्ये परत मिळाले आणि तेथेच, त्या थंडीत, पोलीस इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. जानेवारी 1960 मध्ये देशभरातल्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने हा दिवस पाळण्याचे ठरवले. मुंबईत हा कार्यक्रम नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर होतो, जिल्ह्यांत मुख्यालयाच्या मैदानावर. आदल्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या 31 ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर प्राण गेलेल्यांची नावे त्या दिवशी वाचली जातात. मी लहान असताना मला ते वाचन कंटाळवाणे वाटे. 2009 साली मात्र मी मैदानाच्या कुंपणाशी उभी राहून ती यादी शेवटपर्यंत ऐकली. आदल्या नोव्हेंबरातल्या मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे गेले होते. फेब्रुवारीत गडचिरोलीत मरकेगावला 15 जण, आणि स्मृतिदिनाच्या दोनच आठवडे आधी लाहेरीला 17 जण गेले होते; लाहेरीची नावे मात्र पुढच्या वर्षीच्या यादीत येणार होती. सहआयुक्त दर्जाचे करकरे आणि सहायक फौजदार ओंबळे यांच्यासाठी वाजणारी धून एकच असते, तिचा एकही सूर हुद्द्याप्रमाणे वाढत किंवा कमी होत नाही. पोलिसांसारख्या उतरंडीच्या खात्यात हे साधे नाही.

तिरंग्याबाबत मात्र नियम काटेकोर आहेत. ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडून ध्वज कशावरही पांघरता येत नाही. म्हणूनच राज्य पोलिसांतल्या शिपायाच्या बाबतीत ‘शासकीय इतमामात’ या शब्दांना वजन आहे. ध्वजाचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवायचा असतो आणि ध्वज चितेबरोबर जाळायचा किंवा कबरीत उतरवायचा नसतो. अग्नी देण्याआधी तो काढला जातो आणि घडी करून घरच्यांच्या हाती दिला जातो. आमच्या भागात बायका स्मशानात जात नसत, त्यामुळे ही घडी मुलाच्या, भावाच्या किंवा वडिलांच्या हाती पडे आणि पत्नीला ती तासाभराने घरी पाहायला मिळे. माझ्या आईला ही गोष्ट कायम खुपली. अलीकडे काही ठिकाणी पत्नी पार्थिवाजवळ उभी राहते आणि अधिकारी ध्वज तिच्याच हाती देतात, हे मी पाहिले आहे. ती पद्धत सगळीकडे पडावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरी एक गोष्टही खुपते. गोळी लागून गेलेल्याला जो मान मिळतो, तो बंदोबस्तात सलग उभे राहून छातीत कळ येऊन गेलेल्याला मिळेलच असे नाही. 2020 आणि 2021 मध्ये महाराष्ट्रातले शेकडो पोलीस करोनाने गेले. बाबांच्या बॅण्डमधले एक काका त्यांतलेच. नाकाबंदीवर असताना त्यांना संसर्ग झाला आणि रुग्णालयातून त्यांना थेट विद्युतदाहिनीकडे नेले. पथक नाही, बिगुल नाही, काकूंनाही दुरूनच पाहावे लागले. त्या दिवसांत दुसरे काही शक्य नव्हते, हे मला कळते. पण नंतर, माणसे जमू शकत होती तेव्हा, त्यांच्यासाठी मैदानावर एकदा शोकशस्त्र व्हायला हवे होते. ते झाले नाही. मुख्यालयात त्यांच्या तसबिरीला हार घातला गेला, एवढेच.

बाबा त्याआधीच निवृत्त झाले होते. आता आम्ही लाइनीपासून दोन गल्ल्या सोडून राहतो आणि वारा तिकडून असला की सूर अजूनही येतात. गेल्या ऑक्टोबरात बिगुलावर नवा मुलगा होता, भरती होऊन जेमतेम वर्ष झालेला. धुनेच्या शेवटच्या लांब सुराला त्याचा श्वास पुरला नाही. बाबा खिडकीत उभे होते, काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी त्याला घरी बोलावले, आईने चहा केला, आणि मग मागच्या अंगणात त्यांनी त्या मुलाकडून, कोणतीही धून न वाजवता, अंधार पडेपर्यंत नुसते लांब सूर धरून घेतले.