डबीतला गेरू

आम्ही राहतो त्या गावाचं नाव आप्त. आप्त म्हणावं असं इथे आमचं कुणी नाही, पण गावाचं नाव खरंच तेच. दक्षिण फ्रान्सातला प्रोव्हान्स म्हटलं की तुम्ही सगळे लॅव्हेंडरचे फोटो मागता. आज ते नाहीत.

गेल्या रविवारी जवळच्या रूसियाँला गेलो. लख्ख ऊन होतं. एका वळणानंतर समोर डोंगराचे कडेच कडे : पिवडी, काव, केशरी, मध्येच जांभळट आणि वर हिरवेगार पाइन. मी गाडीतच ओरडले, "अहो, गेरू!" ह्यांनी घाबरून ब्रेक मारला.

त्या कड्यांमधून पायवाट आहे. पांढरी सलवार घालून जायचं नसतं, हे मला आत गेल्यावर कळलं. तेवढ्यात तुळशीच्या कुंडीची आठवण झाली आणि मी एक मूठ रुमालात भरली. मागून एक आजीबाई हळूच म्हणाल्या, "नॉन, मादाम." इथली चिमूटभर मातीसुद्धा न्यायची नसते. पाटी होती, मीच वाचली नव्हती. मूठ सोडली. बाई गोड हसल्या, त्याचाच जास्त राग आला.

गेरूसाठी चोर ठरायचं? आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तो कागदाच्या पुडीत मिळायचा. मोठा साहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांनासुद्धा चुना आणि गेरू फासणारे आपण! शिवाय हे लोक ज्याला निसर्ग म्हणून जपतात, ती मुळात जुनी खाण आहे. कडे ऊन-पावसाने कोरले हे खरं, पण माणसांनी कुदळीने उघडे पाडले हेही तितकंच खरं. शेजारच्या गार्गासला तर डोंगराच्या पोटात देवळासारखे उंच बोगदे खणलेत.

हे मला कळलं ते गावाबाहेरच्या गेरूच्या जुन्या कारखान्यात. तो १९६३ साली बंद पडला, आता लोकांना दाखवतात. खणून काढलेल्या मातीत बहुतेक वाळूच असते, रंग थोडाच. १८व्या शतकाच्या अखेरीस इथल्या झाँ-एतिएन आस्तिए नावाच्या माणसाने ती पाण्यात धुऊन रंग वेगळा काढायला सुरुवात केली. पाटातून पाणी सोडायचं, जड वाळू आधी बसते, गढूळ पाणी पुढे हौदात जातं. तिथे गाळ बसला की वरचं पाणी सोडून द्यायचं, उन्हात वाळवायचं, विटा कापायच्या. पिवळा भट्टीत भाजला की लाल होतो, कारण लोहातलं पाणी उडून जातं.

मार्गदर्शक मुलगी हे रंगवून सांगत होती आणि मला दिसत होती लष्करमधल्या आमच्या जनकगंजच्या अंगणातली आजी. दिवाळीआधी ती बादलीत गेरू भिजवायची. ढवळायची, थोडं थांबायची, वरचं लाल पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओतायची. खाली उरलेली खर पारिजातकाच्या मुळाशी. मग त्या पाण्याने ओटा आणि वृंदावन. आस्तिएचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आजीला आम्ही "लवकर आटप" म्हणायचो.

हे ह्यांना ऐकवलं, तर म्हणाले, "आपल्या ग्वाल्हेरजवळ घाटीगावकडच्या टेकड्या दगडासाठी पोखरल्या, तिथे कोण मूठ सोडायला लावतं?" मी विषय बदलला.

शेवटी दुकानातून गेरूची डबी विकत घेतली. किंमत विचारू नका, आई हे वाचते. रात्री भिजवला. खाली खर बसलीच नाही, इतका स्वच्छ! जरा हिरमोडच झाला. सकाळी गॅलरीतली कुंडी रंगवायला बसले. त्यात सध्या बेसिल आहे. तुळस पहिल्याच हिवाळ्यात गेली, ही तिची चुलत बहीण. इथे घराच्या भिंतीचा, खिडकीच्या झडपांचा रंगसुद्धा नगरपालिकेला विचारून ठरवावा लागतो. हे चहा घेऊन आले आणि म्हणाले, "कुंडीची परवानगी काढलीस का?"

मी दुसरा हात दिला.