फेरिसायनाइडचं पोटेन्शियल काढताना

कॉम्प्लेक्सचं (मध्ये धातूचा आयन, भोवती त्याला चिकटलेले लिगँड म्हणजे रेणू किंवा आयन) इलेक्ट्रोड पोटेन्शियल, म्हणजे ते किती सहज इलेक्ट्रॉन घेतं याचं माप, काढायला बसले तेव्हा सूत्र तोंडपाठ होतं. तरी पहिलंच उत्तर साफ चुकलं.

गणित फेरिसायनाइड-फेरोसायनाइड जोडीचं होतं. मोकळ्या फेरिक (Fe³⁺) आणि फेरस (Fe²⁺) आयनांचं प्रमाण पोटेन्शियल ०.७७ व्होल्ट. लोखंडाभोवती सहा सायनाइड बसले की ते किती होईल? स्थिरता स्थिरांक, म्हणजे बीटा (जितका मोठा, तितकी पकड घट्ट), दिलेले होते: फेरिकचा १० चा ४२ वा घात, फेरसचा ३५ वा. गुणोत्तराचा लॉग ७. सूत्रातला ०.०५९२ गुणिले ७, म्हणजे ०.४१. ते मी ०.७७ मध्ये मिळवलं आणि १.१८ लिहून मोकळी झाले. मोजलेली किंमत आहे ०.३६!

आकडेमोड तीनदा तपासली. लॉगचा पाया १० आहे ना, तेही पाहिलं. चूक सापडेना. शेवटी सूत्र बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर चौकोन काढला. वर मोकळं फेरिक आणि मोकळं फेरस, खाली त्यांची सायनाइड कॉम्प्लेक्स, उभ्या बाजूंवर दोन बीटा. आता फेरिसायनाइडपासून निघायचं. आधी सहा सायनाइड सोडवा. फेरिकने ते फार घट्ट धरलेत, तेव्हा ऊर्जा भरपूर लागते. मग वरच्या बाजूने इलेक्ट्रॉन द्या. मग फेरसला तेच सहा सायनाइड परत बांधा. इथे ऊर्जा सुटते, पण आधी घातली त्यापेक्षा कमी. म्हणजे क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) अवघडच झालं, पोटेन्शियल उतरायलाच हवं. ०.७७ वजा ०.४१. आलं ०.३६.

त्या दिवसापासून बीटा हातात घेण्याआधी एकच विचारते: लिगँड कुणाला जास्त घट्ट धरतो?

चांदीचं सोपं आहे. इलेक्ट्रॉन घेऊन तयार झालेल्या चांदीच्या धातूला लिगँड चिकटत नाही, त्यामुळे एकच बीटा, आणि अमोनियात ०.८० चं ०.३७ होतं. तांब्याच्या अमोनिया कॉम्प्लेक्सपासून धातू होताना मात्र दोन इलेक्ट्रॉन लागतात, तिथे ०.०५९२ ला २ ने भागायला विसरू नका.

सगळ्यात आवडलं ते फेनान्थ्रोलिन हे लिगँड. ते फेरसला जास्त घट्ट धरतं, म्हणून पोटेन्शियल उलट १.१ च्या आसपास चढतं. सेरिक (Ce⁴⁺) आयनाने फेरसचं टायट्रेशन (थेंबथेंब घालून मोजणी) करताना फेरोइनचा, म्हणजे दर्शक म्हणून घातलेल्या फेरस-फेनान्थ्रोलिन कॉम्प्लेक्सचा, लाल रंग शेवटपर्यंत का टिकतो, ते मला तेव्हा कळलं. आधी सगळं साधं फेरस संपतं, मग फेरोइनची पाळी येते आणि लाल जाऊन फिका निळा दिसतो.