सोमवारी बाबा असे नव्हते

बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा चतुर्थी दोन आठवड्यांवर आली होती. वय ७८, जुना मधुमेह, बीपी आणि जोडीला अशक्त झालेली किडनी. गोव्यातल्या डिचोलीहून हॉस्पिटलला निघालो त्या सोमवारी धाप लागलेली असतानाही ते माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीला, काय काय आणायचं ते मला सांगत होते.

तिसऱ्या रात्री ते सलाइनचा स्टँड दोन्ही हातांनी घट्ट धरून पलंगावरून उतरले. "शिरगावला पोचायचंय, होमकुंड पेटलं असेल." तरुणपणी ते लईराई देवीचे धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे भक्त होते, स्टँड त्यांना धोंडांच्या हातातली बेतकाठी वाटत होता. जत्रा वैशाखातली आणि बाहेर तर श्रावणाचा पाऊस कोसळत होता. नर्सबाई म्हणाल्या, "वय झालं की होतं असं." झोपेचं इंजेक्शन दिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी बाबा गप्प. जेवण नाही, हाकेला ओ नाही. शांत झाले म्हणून मलाही बरंच वाटलं, याची खंत अजून जात नाही. कारण तो गप्पपणाही आदल्या रात्रीच्या गोंधळाचाच भाग होता, आणि तोच जास्त वेळा नजरेतून सुटतो.

संध्याकाळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना महिने उलटे म्हणायला सांगितलं. डिसेंबर, नोव्हेंबर, पुन्हा डिसेंबर. मग मला विचारलं, "घरी कसे होते?" मी माटोळीचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे हे अचानक झालंय. याला डिलिरियम म्हणतात." जंतुसंसर्ग, शरीरात कमी झालेलं पाणी, बद्धकोष्ठता, मोडलेली झोप, काही औषधं, सगळं मिळून मेंदू गोंधळतो. जुने आजार असलेल्या वयस्कर माणसाला हा धोका जास्त. खाज येते म्हणून दिलेली अ‍ॅलर्जीची गोळी त्यांनी तिथल्या तिथे बंद केली.

पुढचं माझ्या हातातलं होतं. दाखल करताना "मौल्यवान वस्तू घरी न्या" म्हणाले, तेव्हा अंगठीबरोबर मी चष्मा आणि कानाचं मशीनही पाठवून दिलं होतं. म्हणजे चार दिवस त्यांना धड दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं! दोन्ही परत मागवलं. दिवसा पडदे उघडे, समोर घड्याळ, थोडं थोडं चालवणं, रात्री दिवे मंद, आणि जवळ सतत घरचंच माणूस. आठवडाभरात ते पुष्कळसे ताळ्यावर आले. पुरतं सावरायला महिना गेला.

स्मरणशक्तीची चाचणी डॉक्टरांनी मुद्दाम तीन महिन्यांनी घेतली. गोंधळात घेतली तर खरं चित्र कळत नाही. अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी आकडे नीट मांडले, मिनिटकाटा मात्र दहावर नेला. ३०पैकी २३. २६च्या खाली आलं की पुढे तपासतात. रक्तात बी-१२ कमी निघालं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं. आता त्याची इंजेक्शनं चालू आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे.

बाबांच्या फाइलवर मी एक कागद चिकटवलाय: चष्मा, कानाचं मशीन, चालणारी औषधं, आणि आजारी नसताना ते कसे असतात, चार ओळींत.